राणीछाप बंदूक

मी दुबईला गेलो तो लाँचची इंजिनं दुरुस्त करायला. बंदुका माझ्या गळ्यात पडल्या त्या शेजारच्या दुकानातला बलुची म्हातारा कायमचा गावी निघून गेला म्हणून. तो गेला आणि त्याची गिऱ्हाइकं एक दुकान सरकून आमच्या दारात उभी राहिली. जो इंजिन उघडतो त्याला बंदूक का उघडता येऊ नये, असा त्यांचा साधा हिशेब होता.

खाडीच्या देरा बाजूला आमचं वर्कशॉप होतं. एक लेथ, एक भाता, दोन शेगड्या आणि वर पत्रा. दुपारी पान्हा हातात धरवत नसे. लेथवर माझे खालू, म्हणजे मावशीचे यजमान. ते श्रीवर्धनकडचे, मी रत्नागिरीच्या खाडीकाठचा. त्यांनीच मला बोलावून घेतलं होतं. खालूंनी पहिल्या दिवशी मला धंद्याचा एकच मंत्र दिला. "येत नाही असं कुणाला म्हणायचं नाही. 'बघतो' म्हणायचं. मग खरंच बघायचं."

यातलं पहिलं अर्धं मी लगेच शिकलो. दुसऱ्या अर्ध्याला मला फार वेळ लागला, आणि हे सगळं सांगतोय ते त्यापायीच.

साठ सालानंतरची पहिली एक-दोन वर्षं. तिथे तेव्हा रुपयेच चालत, आपल्याच सरकारने छापलेले, फक्त नोटांचा रंग वेगळा. खाडीवर पूल नव्हता. माणसं अब्र्यात बसून, म्हणजे आपल्या तरीसारख्या होडीत बसून, इकडून तिकडे जायची. आणि घरोघरी भिंतीवर एक तरी जुनी लष्करी बंदूक टांगलेली असायची. तुर्कांची, इंग्रजांची, कुठल्या कुठल्या लढाईतून उरलेली, मस्कतच्या बाजारातून आलेली. तिच्या दस्त्याला चांदीच्या पट्ट्या मारायच्या, लग्नात ती आकाशात गरगर फेकून झेलायची, आणि नवरदेव आला की तिचा बार काढायचा. पाव्हण्यांना बिगर बाराचं लग्न म्हणजे बिगर मिठाचं मटण वाटायचं.

माझी या विद्येतली सुरुवात भयंकर होती. बँकेतला एक इंग्रज साहेब जुन्या बंदुका जमवायचा. त्याने मला एक काळी ठिक्कर पडलेली बंदूक दिली आणि "जरा स्वच्छ कर" म्हणाला. आमच्या घरी स्वच्छ करणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. ईद आली की आई तांब्याची भांडी चिंच लावून अशी घासायची की त्यात तोंड दिसायचं. मी दोन दिवस पॉलिश पेपरने ती बंदूक घासली. नळीवरचा काळा थर गेला, काही बारीक अक्षरं होती तीही गेली, आणि बंदूक नव्या पातेल्यासारखी झळकायला लागली. साहेबाने ती बघितली आणि खुर्चीत बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "मिस्तरी, ये काला रंगही तो उसका दाम था."

तो भला माणूस. त्याने मला हाकललं नाही, शिकवलं. जुन्या बंदुकीची किंमत तिच्या चमकण्यात नसते, हे पहिलं. नळीवरचा, काडतूस घालायच्या दारावरचा आणि दस्त्यावरचा नंबर एकच आहे का बघ. ठप्पा कुठल्या राजाचा, कुठल्या सालचा ते वाच. स्क्रूच्या खाचा कुणी खराब केल्यात का बघ. चांदीची पट्टी कधी कधी शोभेसाठी नसते, फुटलेला दस्ता झाकण्यासाठी असते, ती काढून बघ. आणि ती उडवायची असेल तर त्याहून जास्त बघ.

उडवायचे नियम त्याने माझ्याकडून पाठच करून घेतले. बंदूक हातात आली की आधी उघडायची, मालक लाख म्हणो रिकामी आहे. नळीतून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे, कारण तिथे मधमाश्याही घर करतात. काडतूस बसतं म्हणून ते तिचंच आहे असं समजायचं नाही. वितळलेलं मेण आत ओतून साचा काढायचा, तो मोजायचा. जुन्या बंदुका काळ्या दारूसाठी केलेल्या, नवी दारू त्यांना सोसतेच असं नाही. पहिली गोळी कधीच खांद्याला लावून मारायची नाही. बंदूक ट्रकच्या टायरला बांधायची, चापाला दोरी लावायची आणि आपण रेतीने भरलेल्या पिंपामागे बसून ओढायची. आणि शेवटचा नियम. चाप ओढला आणि बार झाला नाही, तर बंदूक खाली घ्यायची नाही, उघडायची नाही. आत ठिणगी झोपलेली असू शकते. नळी आकाशाकडे धरून तीसपर्यंत मोजायचं.

आज ऊद मेथाला जिथे आपल्या लोकांच्या शाळा आहेत, तिथे तेव्हा नुसती वाळू होती. शुक्रवारी नमाजानंतर आम्ही टायर घेऊन तिकडे जायचो. दोरी ओढायची, धडाम व्हायचं, खालू कानातला कापूस काढत म्हणायचे, "चल, जिवंत आहे. बंदूकही आणि तूही." मला त्या दिवसांची फार मजा वाटायची. वर्षभरात माझं नाव झालं. अब्र्याच्या धक्क्याजवळच्या कहव्याच्या, म्हणजे अरबी कॉफीच्या, बाकड्यावर कुणी बंदूक काढली की माझा निवाडा शेवटचा. मीही छाती पुढे काढून बसायचो.

त्या बाकड्यावर एक म्हातारा नाखवा यायचा. सत्तरीचा, हाडं मोठी, दाढी मेंदीने लाल केलेली. तरुणपणी त्याने आपलं गलबत कितीदा तरी आमच्या बंदरांना लावलं होतं, लाकूड आणि कौलं भरायला, म्हणून त्याला हिंदी यायची आणि अधूनमधून एखादा कोकणी शब्दही. मला बघितलं की तो "कसा आसंस रं" असं ओरडायचा आणि स्वतःवरच खूश होऊन हसायचा. बंदुकीचे नियम मी सगळ्यांनाच सांगायचो, बाकीचे हसण्यावारी न्यायचे. नाखवाने मात्र ते पाठ केले. समुद्रावरचा माणूस, त्याला नियम म्हणजे काय ते कळायचं. भेटला की बोटं दुमडत मला म्हणून दाखवायचा आणि शेवटी तीसपर्यंत मोजताना बोटं कमी पडली की माझी बोटं धरायचा.

एके दिवशी तो वडिलांची बंदूक घेऊन आला. खालचा हात ओढला की दार उघडून एकच गोळी खाणारी, मार्टिनी जातीची, तेलाने आणि धुळीने माखलेली. वडिलांनी ती मस्कतला मोत्यांच्या एका अख्ख्या हंगामाच्या कमाईत घेतली होती. समोर एक मोत्यांचा जुना व्यापारी बसलेला असे, नाखवाचा लहानपणापासूनचा सोबती आणि तितकाच जुना वैरी. तो म्हणाला, "ही इंग्रजाची नाही. सरहद्दीवरच्या पठाणांनी घरात ठोकलेली आहे. तुझ्या बापाला फसवलं."

तसे पठाण खरंच होते. रेल्वेच्या लोखंडाच्या बंदुका करायचे, आणि वर इंग्रजाचा ठप्पाही हुबेहूब मारायचे.

नाखवाचा चेहरा उतरला. त्याने बंदूक माझ्या मांडीवर ठेवली. "मिस्तरी, तू बोल."

मी बघायला हवं होतं. मी अंगठ्याने थोडं तेल पुसलं. मुकुट दिसला, त्याखाली राणीची दोन अक्षरं दिसली, आणि मी बाकड्यावर थाप मारून म्हणालो, "राणीछाप! असली माल है!"

का म्हणालो ते सांगतो. आमच्या घरी आईच्या पेटीत राणीछाप रुपये होते. सोनाराकडे नेले की तो राणीचं तोंड बघायचा आणि पुढे काही विचारायचा नाही, चांदी चोख. राणी दिसली की आमच्याकडच्या माणसाची परीक्षा संपते. उचलली जीभ लावली टाळ्याला.

नाखवा उठला. मला उभं करून माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. मग व्यापाऱ्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आठ दिवसांनी माझ्या धाकट्या मुलीचं लग्न आहे. नवरदेव आला की पहिला बार मी काढणार. याच बंदुकीने. मिस्तरी बोला है." आणि बंदूक माझ्याकडे साफ करायला दिली.

त्या दुपारी मी तिला रॉकेलने धुतलं. मुकुटाखालचा मळ निघाला आणि साल वर आलं. मी ते वाचलं आणि परत वाचलं. आमच्या पेटीत राणीच्या रुपयांखाली बोडक्या राजाचे रुपये असायचे. राणी मेली, मग तिचा मुलगा आला, त्याच्या डोक्यावर रुपयात मुकुट नाही म्हणून बोडका. कुठल्या साली राणी संपते आणि बोडका सुरू होतो, हे मला अंकलिपीआधी पाठ होतं. बंदुकीवरचं साल बोडक्याचं होतं. त्या साली राणीला मरून चार वर्षं झाली होती. ठप्पा मारायला ती कबरीतून उठून आली असली तरच ही बंदूक असली.

मी दाराच्या कडेला कानस लावून बघितली. कानस मऊ गुळात जावी तशी गेली. आणि दाराच्या बिजागरीशी केसाएवढी एक चीर होती. वडिलांनी काळ्या दारूवर ती चालवली असेल, तेवढं तिने सोसलं. नाखवा नवी काडतुसं घालणार होता. दार फुटून मागे आलं असतं तर ते थेट त्याच्या उजव्या डोळ्यात.

खालूंनी चीर बघितली. "जा आणि सांग त्याला."

"सगळ्यांसमोर असली म्हणालोय."

"मग सगळ्यांसमोर नको, घरी जाऊन सांग. आजच जा."

मी अब्र्यात बसून पलीकडे त्याच्या घरी गेलो. नाखवाने मला गादीवर बसवलं, हलवा खायला घातला, मुलीसाठी आणलेली कापडं दाखवली. म्हणाला, खाडीपलीकडे नवरदेवाच्या घरी निरोप पाठवलाय, पहिला बार माझ्या बापाच्या बंदुकीचा. व्यापाऱ्यालाही मुद्दाम बोलावलंय, पहिल्या रांगेत. मग मला म्हणाला, "तुझ्यामुळे माझा बाप परत आला." मी अजून थोडा हलवा खाल्ला. ताकाला गेलो आणि भांडं लपवून परत आलो. येताना अब्र्यात मी स्वतःला सांगत होतो की आज मौका नव्हता. मौका होता. मला माझ्या नावाची भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

मग मला शक्कल सुचली. दाराच्या आत एक सुई असते. चाप ओढला की ती काडतुसाच्या बुडाला टोचते आणि बार होतो. मी ती सुई काढली आणि तिचं टोक दाणाभर कापलं. आता ती काडतुसापर्यंत पोचणारच नव्हती. ना बार, ना धोका, ना मला काही बोलायची गरज. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी खालूंना दाखवायला गेलो.

खालू लेथ बंद करून म्हणाले, "आणि वाजली नाही म्हणजे?"

"म्हणतील काडतूस दमट होतं. बाजूला दहा बंदुका असतात, कुणीतरी बार काढेल."

"पहिला बार मुलीच्या बापाने काढायचा असतो," खालू म्हणाले, आणि परत लेथ चालू केला. मी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि बंदूक नाखवाकडे पोचती केली.

लग्नाच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी असरची नमाज झाली आणि माणसं मैदानात जमली. चटया अंथरल्या होत्या, मागे मोठ्या देगांमध्ये भात शिजत होता. काठ्या घेतलेल्या पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर डोलत होत्या, मध्ये तरुण पोरं बंदुका फेकून झेलत होती. खालू आणि मी कडेला बसलो. पहिल्या रांगेत व्यापारी बसला होता, हातात कहव्याची वाटी. खाडीकडून नवरदेवाची माणसं येताना दिसली, तसे ढोल थांबले.

नाखवा पुढे आला. नवा काळा अंगरखा, त्याला सोनेरी काठ. त्याने बंदूक आधी उघडली. नळीतून आकाश बघितलं. काडतूस घातलं. नळी समुद्राकडे वर उचलली. एकेक गोष्ट मी शिकवली होती तशी, त्याच क्रमाने. मग त्याने चाप ओढला.

टक्.

मला वाटलं, आता तो बंदूक खाली घेईल, कुणीतरी दुसरी देईल, आणि सुटलो. त्याने खाली घेतली नाही. नळी तशीच वर, दोन्ही हात ताठ, आणि तो मोठ्याने मोजायला लागला. वाहद. इथनेन. थलाथा.

नवरदेवाची माणसं वाटेत थांबली. पुढे यावं की नाही त्यांना कळेना. कुणीतरी हसलं. नाखवाच्या थोरल्या मुलाने आपली बंदूक पुढे केली, "बाबा, ही घे." त्याने मान हलवली आणि मोजत राहिला. व्यापारी म्हणाला, "फुसका बार! पठाणाने बापालाही फसवलं आणि बेट्यालाही." यावर खूपजण हसले. नाखवा मोजत होता. सात. आठ. तो चुकूनही भराभर मोजत नव्हता. मी सांगितलं होतं, घाई करायची नाही, श्वास घेऊन मोजायचं.

अकराला त्याचे हात थरथरायला लागले. जुनी बंदूक जड असते आणि तो सत्तरीचा होता. मानेच्या शिरा वर आल्या होत्या. त्याने एकदा डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं की तो रागावला असेल. तो फक्त बघत होता की तो बरोबर करतोय ना. माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही.

पंधराला मी उठलो. मैदानाच्या मधोमध गेलो आणि माझ्या मोडक्या अरबी-हिंदीत ओरडलो, "नाखवा, खलास! बार नाही होगा! सुई मैंने काटा है. बंदूक नकली है, फुटके तुम्हारा आँख में जाता, मैंने गलत बोला था. तुम्हारा कुछ गलती नहीं, मेरा गलती है."

व्यापाऱ्याने वाटी खाली ठेवली. नाखवाने माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा वर नळीकडे.

"सोळा," तो म्हणाला. "सतरा."

मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. दुसरं काय करणार? सगळ्यांच्या नजरा आता आम्हा दोघांवर होत्या. पंचवीसला मी त्याच्या कोपरांना खालून हात लावला, आणि त्याने तो लावू दिला. तीस झाले. त्याने बंदूक उघडली, काडतूस काढून खिशात घातलं, मुलाची बंदूक घेतली आणि बार काढला. मग सगळ्यांनी काढले, ढोल वाजले, नवरदेव चालत आला, लग्न लागलं. कुणाचं काही अडलं नाही. खालू शेजारी बसून मुकाट जेवत होते, आणि त्यांनी मला एक शब्दही ऐकवला नाही, याबद्दल मी त्यांचा अजून ऋणी आहे.

निघताना नाखवा माझ्याजवळ आला. त्याने माझा हात हातात घेतला आणि सोडला नाही.

"मेरा आँख बचाया तू," तो म्हणाला. "मेरे कान में पहले बोलता, तो मेरा इज्जत भी बचता."

मला माफी मागायची होती. त्यानेच माझा हात थोपटला आणि पाव्हण्यांकडे गेला. ती बंदूक त्याने घरी भिंतीवर पुन्हा टांगली, माझ्या कापलेल्या सुईसकट.

त्यानंतर दीड-दोन महिने आमच्याकडे एकही बंदूक आली नाही. मी इंजिनं उघडत राहिलो आणि बाकड्यावर जाणं बंद केलं. मग एका सकाळी नाखवा वर्कशॉपमध्ये आला. मागे व्यापारी होता, आणि व्यापाऱ्याच्या हातात कापडात गुंडाळलेली त्याची स्वतःची बंदूक. आणखी चार-पाच रिकामटेकडे मजा बघायला दारात जमले.

"बघतो," मी म्हणालो.

मी बंदूक उघडली. नळीतून उजेड बघितला. रॉकेलने मळ धुतला, नंबर तीनही ठिकाणचे वाचले, ठप्पा वाचला, साल वाचलं, चांदीची पट्टी सोडवून दस्ता बघितला, मेण ओतून साचा मोजला. तास गेला. खालूंनी लेथ थांबवला होता. दारातल्यांपैकी कुणीतरी विचारलं, "मिस्तरी, असली की नकली?"

मी तोंड उघडायच्या आत नाखवा पुढे झाला. त्याने डोक्यावरचं फडकं कानावरून मागे सारलं आणि वाकून कान माझ्या तोंडाशी आणला. त्याच्या शेजारी व्यापाऱ्यानेही आपला कान आणला, जरा नाराजीनेच.

बंदूक अस्सल होती. पण मी तेही कानातच सांगितलं.